लॅब्राडोरचे पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईबापांचे रिपोर्ट का मागावेत?

पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट आणि पौड मागे टाकत पश्चिमेला गेले की मुळशी तालुक्यातले कोळवण खोरे लागते. भाताची खाचरे, भोवती डोंगर आणि गेल्या काही दशकांत उतारांवर उभी राहिलेली फार्महाऊस. शहरातल्या माणसाने इथे जागा घेतली की कुंपण, बोअर आणि आंब्याची कलमे झाल्यावर पुढचा विषय कुत्र्याचा निघतो. मुलांत रमणारा, पाहुण्यांच्या अंगावर न जाणारा, पाणी दिसले की उडी मारणारा म्हणून लॅब्राडोरचे नाव पुढे येते. फोनवर फोटो येतात, किंमत ठरते आणि महिन्याभराचे गुबगुबीत पिल्लू खोक्यातून घरी येते.

दीड-दोन वर्षांनी यातली काही कुत्री उठताना मागचे पाय ओढू लागतात. काही ऐन उमेदीत चेंडूमागे धावता धावता कोसळतात. काहींना पाचव्या-सहाव्या वर्षी अंधार पडला की पायरी दिसेनाशी होते. घरच्यांना वाटते, नशीब. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच आजारांचा अंदाज पिल्लू जन्मण्याच्याही आधी, मादी नराकडे नेण्यापूर्वी बांधता येतो. ‘जबाबदार ब्रीडिंग’ हा शब्द जाहिरातींत सर्रास दिसतो. त्याचा नेमका अर्थ हा अंदाज आधी बांधणे आणि तो वाईट निघाला तर वेत न घेणे, असा आहे.

गाय घेताना विचारतात, ते कुत्रा घेताना का विचारत नाहीत?

याच खोऱ्यातला शेतकरी गाय घ्यायला गेला तर कितवे वेत आहे, आधीच्या वेताला दूध किती होते, दात किती, कास कशी आहे, हे विचारल्याशिवाय पैशांचे बोलत नाही. पुणे जिल्ह्यातच, उरुळी कांचनला, मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि संकरित गाईंसाठी कृत्रिम रेतन गावोगाव नेले. गोठीत वीर्याच्या कांडीवर वळूचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून वळूच्या आईच्या दुधाची नोंद काढता येते. वळू डोळ्यांनी न पाहताही त्याची आई कशी होती हे कळते.

कुत्र्याच्या बाजारात मात्र विचारले जाते ते रंग, डोक्याचा आकार आणि ‘डबल बोन आहे का’. डबल बोन नावाची कुठलीही जात किंवा उपजात नाही. जाड पायांचे, वजनदार दिसणारे पिल्लू विकण्यासाठी रूढ झालेला तो शब्द आहे. त्या जाड पायांच्या वरचा खुब्याचा सांधा कसा आहे, हे त्यावरून समजत नाही. उलट वाढत्या वयात जास्त वजन हे लॅब्राडोरच्या सांध्यांचे दुखणे वाढवते.

पिल्लू पशुवैद्याला दाखवले, तेवढे पुरत नाही का?

पिल्लू घेण्यापूर्वी पशुवैद्याला दाखवलेच पाहिजे. हृदयात जास्तीचा आवाज आहे का, बेंबीला हर्निया आहे का, जबडा नीट बसतो का, नराचे दोन्ही अंड खाली उतरले आहेत का, जंत आणि त्वचेचे विकार, हे सगळे आठव्या आठवड्यात कळू शकते. पण लॅब्राडोरला ज्या आजारांनी पुढे जेरीस आणले जाते, ते या वयात दिसतच नाहीत. खुब्याचा बराचसा भाग अजून कूर्चेचा असतो. डोळ्याचा पडदा निरोगी दिसतो, कारण तो तेव्हा निरोगीच असतो. पळताना कोसळण्याचा आजार पहिल्या काही महिन्यांत प्रकट होत नाही.

म्हणून पिल्लाचे भविष्य जाणून घेण्याची वाट आईबापांच्या रिपोर्टमधून जाते. ‘पिल्लाचे हेल्थ सर्टिफिकेट आहे’ या वाक्यावर समाधान मानणाऱ्या ग्राहकाला विचारलेल्या प्रश्नाचे नव्हे, दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते.

खुबे: सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत टाळली जाणारी तपासणी

मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते, तो खुब्याचा सांधा. डोके वाटीत घट्ट बसले तर सांधा आयुष्यभर साथ देतो. वाटी उथळ किंवा सांधा सैल असेल तर प्रत्येक पावलाला डोके थोडे सरकते, कूर्चा झिजते आणि संधिवात सुरू होतो. याला हिप डिसप्लेसिया म्हणतात. कोपराच्या सांध्यातही असाच वाढीचा दोष असतो, तो एल्बो डिसप्लेसिया. लॅब्राडोर या दोन्हींसाठी जगभर ओळखला जातो.

हा आजार एका जनुकाचा नाही. अनेक जनुके थोडा थोडा वाटा उचलतात आणि त्यात खाणे, वजन, हालचाल यांची भर पडते. त्यामुळे रक्ताचा थेंब किंवा लाळ पाठवून ‘खुबे चांगले’ असा निकाल मिळवता येत नाही. एक्स-रे हाच उपाय. तोही नेहमीच्या घाईत काढलेला चालत नाही. कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन उताणे झोपवतात, मागचे दोन्ही पाय सरळ, समांतर ताणून गुडघे किंचित आत वळवतात आणि कंबर अजिबात तिरकी होऊ देत नाहीत. कंबर तिरकी झाली तर एका बाजूचा खुबा आहे त्यापेक्षा चांगला आणि दुसऱ्या बाजूचा वाईट दिसतो.

मग तो एक्स-रे वाचतो कोण, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतली ‘ओएफए’ ही संस्था १९६६ पासून हे काम करते. ती खुब्यांना उत्कृष्ट, चांगले, ठीक, सीमारेषेवरचे आणि मग सौम्य, मध्यम, तीव्र दोष अशा सात पायऱ्यांत बसवते आणि पक्का दाखला दोन वर्षे पूर्ण झाल्यावरच देते. ब्रिटनच्या पद्धतीत एक वर्षानंतर एक्स-रे चालतो आणि प्रत्येक खुब्याला ० ते ५३ असे दोषाचे गुण मिळतात; दोन्ही मिळून ० ते १०६. इथे कमी गुण म्हणजे चांगले, हे लक्षात ठेवावे लागते, कारण परीक्षेच्या सवयीने माणूस उलटे वाचतो. कोपरांना ० ते ३ अशी श्रेणी असते आणि शून्य असलेलेच कुत्रे प्रजननासाठी वापरावे असा सल्ला दिला जातो.

महाराष्ट्रात पुण्या-मुंबईच्या अनेक खासगी दवाखान्यांत डिजिटल एक्स-रे आहे. परळचे १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला असलेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय ही शिक्षणसंस्थांची नावे पुणेकरांना जवळची. डिजिटल प्रतिमा परदेशी परीक्षकांकडे पाठवता येते. म्हणजे सोय नाही असे नाही. अडचण वेगळी आहे. गुंगीचे औषध, एक्स-रे आणि परीक्षणाचा खर्च करून निकाल वाईट आला, तर ज्या मादीकडून वर्षाला एक वेत मिळणार होते तिची पैदास थांबवावी लागते. तपासणी टाळण्याचे खरे कारण पुष्कळदा हे असते.

चांगल्या आईबापांची पिल्लेही बिघडतात का?

बिघडतात. दोन्ही पालकांचे खुबे उत्तम असले तरी एखाद्या पिल्लाचा सांधा सैल निघू शकतो. आईबापांची तपासणी शक्यता कमी करते, हमी देत नाही. हमी देणाऱ्या ब्रीडरपासून उलट थोडे लांबच राहावे.

आणि निम्मा वाटा नव्या घराचा असतो. नॉर्वेत लॅब्राडोरसह चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा पाठपुरावा केला गेला. त्यात जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष अधिक आढळला, तर त्याच वयात बाहेर मऊ, उंचसखल जमिनीवर पट्ट्याविना बागडलेल्यांत तो कमी होता. कोळवणसारख्या ठिकाणी ही दुसरी गोष्ट आयती मिळते. शेताचा बांध आणि गवत पिल्लाच्या सांध्यांना चांगले. फार्महाऊसमधली गुळगुळीत, पावसाळ्यात ओली राहणारी फरशी वाईट. ज्या खोलीत पिल्लू दिवसभर असते तिथे जुन्या सतरंज्या किंवा रबरी चटया टाकणे हा सगळ्यात स्वस्त उपचार आहे.

दुसरा अभ्यास थेट लॅब्राडोरचाच आणि फार प्रसिद्ध. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. २००२ मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, दुसऱ्याचे ११.२ वर्षे. सांध्यांचा संधिवातही कमी खाणाऱ्यांना उशिरा झाला. दुसरा गट काही ढेरपोट्या कुत्र्यांचा नव्हता. आपल्याकडे ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुक होते, जवळपास तसाच होता.

एका नमुन्यावर कळणारे आजार

खुब्यांच्या उलट काही आजार एकाच जनुकातल्या बिघाडाने होतात. तिथे गालाच्या आतून काडीने घेतलेला नमुना किंवा थोडे रक्त पुरते, आणि ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते.

पहिला डोळ्यांचा. ‘पीआरए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात डोळ्याच्या मागचा पडदा हळूहळू निकामी होतो. आधी रात्रीची नजर जाते, मग दिवसाची. लॅब्राडोरमध्ये आढळणाऱ्या ‘पीआरसीडी’ प्रकारात लक्षणे मोठेपणी दिसतात. तोवर त्या मादीची तीन-चार वेते होऊन पिल्ले घरोघरी गेलेली असतात. चाचणी नसती तर सद्भावनेने काम करणारा ब्रीडरही इथे फसला असता. चाचणी आहे, म्हणून ही सबब उरत नाही.

दुसरा ‘ईआयसी’, श्रम झाल्यावर कोसळण्याचा आजार. कुत्रा एरवी ठणठणीत. पाच-दहा मिनिटे जोरात धावला, फार उत्तेजित झाला की मागचे पाय लटपटतात, मग बसकण मारतो. बहुतेक वेळा थोड्या विश्रांतीने सावरतो. क्वचित जीवही जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये यामागचे ‘डीएनएम१’ जनुक दाखवून दिले. आपल्याकडे असा कुत्रा एप्रिलच्या उन्हात पडला की ‘ऊन लागले’ म्हणून विषय संपतो. उष्माघात ही वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे, त्यात अंग भाजल्यासारखे तापते. पण थंडीतल्या सकाळीही खेळताना मागचे पाय जात असतील तर या चाचणीचा विचार करायला हवा.

तिसरा ‘सीएनएम’, स्नायूंचा. पिल्लू पहिल्या काही महिन्यांतच अशक्त, ताठर चालीचे दिसते, अंगावर मांस धरत नाही. याशिवाय नाकाच्या शेंड्यावर खरखरीत खपल्या आणणारा आणि पाय आखूड ठेवणारा असे आणखी दोन विकार लॅब्राडोरच्या चाचण्यांच्या यादीत असतात.

हे सगळे आजार अप्रभावी जनुकाचे आहेत, आणि इथेच गैरसमज होतात. आजार होण्यासाठी बिघडलेली प्रत आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन लागतात. एकच प्रत असलेला कुत्रा ‘वाहक’ असतो. त्याला स्वतःला काही होत नाही. दोन वाहक एकत्र आणले तर प्रत्येक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता चारात एक. आठ पिल्लांच्या वेतात सरासरी दोन. वाहक कुत्र्याची जोडी स्वच्छ कुत्र्याशी लावली तर एकही पिल्लू आजारी होत नाही, काही वाहक होतात इतकेच.

त्यामुळे रिपोर्टवर ‘कॅरियर’ लिहिलेले पाहून पाठ फिरवण्याचे कारण नाही. जोडीदाराचा रिपोर्ट स्वच्छ आहे का, एवढे पाहायचे. सगळे वाहक एकदम बाजूला काढले तर प्रजननासाठी उरणारी कुत्री कमी होतात, नात्यातल्या नात्यात संबंध वाढतात आणि आज ज्याची चाचणीही नाही असे दुसरे दोष वर येतात. ‘माझी सगळी कुत्री सगळ्या चाचण्यांत क्लिअर’ असे सांगणाऱ्यापेक्षा ‘ही ईआयसीची वाहक आहे, म्हणून नर स्वच्छ निवडला’ असे सांगणाऱ्या माणसाला आपल्या कामातले जास्त कळते.

लॅब्राडोर सतत भुकेला का असतो?

ही शिस्तीची बाब आहे असे मालकांना वाटते. केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की बऱ्याच लॅब्राडोरमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देण्याच्या यंत्रणेत हे जनुक काम करते. त्यांनी तपासलेल्या ब्रिटिश लॅब्राडोरांपैकी साधारण चारातल्या एकाकडे हा बदल होता, आणि मदतनीस म्हणून निवडलेल्या कुत्र्यांत तर त्याहून खूप अधिक. खाऊसाठी काहीही करणारा कुत्रा लवकर शिकतो, हे त्याचे संभाव्य कारण. हा आजार नाही आणि यावरून कोणी वेत टाळत नाही. ताटलीकडे टक लावून बसलेल्या कुत्र्याला दरवेळी चपातीचा तुकडा देण्याआधी हे माहीत असावे, इतकेच.

रंगाचे जास्त पैसे

लॅब्राडोरचे मान्य रंग तीन: काळा, पिवळा आणि चॉकलेटी. पिवळ्यात फिकट सायीच्या रंगापासून तांबूसपर्यंत सगळ्या छटा येतात. ‘सिल्व्हर’, ‘चारकोल’, ‘शॅम्पेन’ अशी नावे लावून दुर्मिळ म्हणून जास्त दराने विकली जाणारी कुत्री रंग फिका करणाऱ्या जनुकाची असतात, आणि त्या जनुकासोबत काहींत केस विरळ होण्याचा त्वचाविकार येतो.

चॉकलेटी रंगही अप्रभावी आहे, म्हणजे तो हवा असेल तर दोन्ही बाजूंनी ते जनुक असलेलीच कुत्री निवडावी लागतात. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात चॉकलेटी लॅब्राडोरचे मध्यक आयुष्य १०.७ वर्षे, तर इतर रंगांचे १२.१ वर्षे निघाले. कानाचे आणि त्वचेचे आजारही त्यांच्यात जास्त होते. दोष रंगाचा नसून रंगासाठी निवड अरुंद झाल्याचा असावा, असे संशोधकांना वाटते. मुळशीतल्या चार महिन्यांच्या पावसात ओल्या कानांचा त्रास कुठल्याही रंगाच्या लॅब्राडोरला होतो. चॉकलेटी घेणाऱ्याने कान पुसण्याची तयारी थोडी अधिक ठेवावी.

‘पेपर’ आहेत, म्हणजे काय आहे?

जाहिरातीत ‘विथ पेपर’ आणि ‘विदाऊट पेपर’ असे दोन दर असतात. हा पेपर म्हणजे बहुधा चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र. त्यात पिल्लाचे नाव, जन्मतारीख, आईबाप आणि मागच्या पिढ्या असतात. वंशावळीचा तो दाखला आहे. त्यावरून आईबापांचे खुबे तपासले होते की नाही हे कळत नाही. डॉग शोमध्ये जिंकलेल्या चषकांचेही तेच; परीक्षक कुत्र्याची ठेवण आणि चाल पाहतो, त्याच्याकडे एक्स-रे नसतो.

तरी पेपर निरुपयोगी नाही. वंशावळीत एकच नाव आईच्या आणि बापाच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा दिसते का, हे पाहता येते. एखादा नर गाजला की आसपासच्या सगळ्या माद्या त्याच्याकडे नेल्या जातात आणि दोन पिढ्यांनी शहरातली निम्मी पिल्ले एकमेकांची भावंडे निघतात. शिवाय नोंदणीतला मायक्रोचिप क्रमांक आणि एक्स-रे किंवा डीएनए रिपोर्टवरचा क्रमांक ताडून पाहता येतो. रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा दाखवला जात नाही ना, हे ओळखण्याचा तो सोपा मार्ग आहे. कातडीखालची चिप वाचण्याचे यंत्र बऱ्याच पशुवैद्यांकडे असते.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्राने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी नियम काढले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. विकण्यापूर्वी मायक्रोचिप आणि लसीकरण हवे. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय आणि पशुवैद्याने ती निरोगी असल्याचे सांगितल्याशिवाय तिची पैदास करायची नाही. वर्षात एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाही, आणि आठ वर्षांनंतर अजिबात नाही. सख्ख्या नात्यात जोडी लावणे निषिद्ध आहे.

म्हणजे महिन्याभराचे पिल्लू खोक्यातून घरोघरी पाठवणे हे मुळात नियमबाह्य आहे. राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यातच, औंधला आहे. तरीही शहराच्या आजूबाजूला नोंदणीविना चालणाऱ्या पैदाशीची कमतरता नाही, कारण नोंदणी क्रमांक विचारणारा ग्राहकच विरळा.

एक फट मात्र ध्यानात घ्यावी. नियम १८ महिन्यांवर परवानगी देतो आणि निरोगी असल्याचा दाखला मागतो. सर्वसाधारण तपासणीत चालती-फिरती मादी निरोगीच ठरते. खुब्यांचा पक्का निकाल काही पद्धतींत दोन वर्षांशिवाय मिळत नाही. कायदा पाळणारा आणि काळजी घेणारा, असे हे दोन वेगवेगळे ब्रीडर असू शकतात.

मादीचे काय?

या व्यवहारात जिचा फोटो क्वचितच येतो ती आई. लॅब्राडोर मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. गाभणपण ६३ दिवसांच्या आसपास, मग सात-आठ पिल्लांना दूध. प्रत्येक माजाला तिला नराकडे नेले तर एका बाळंतपणातून अंग भरून येण्याआधीच पुढचे सुरू होते. पिल्ले अंगावर पीत असताना रक्तातले कॅल्शियम एकदम उतरून मादीला झटके येऊ शकतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास ती दगावते. नराकडे नेण्यापूर्वी दोघांचीही ब्रुसेलोसिसची तपासणी व्हायला हवी. हा आजार गर्भ पाडतो आणि माणसालाही होऊ शकतो.

पिल्ले पाहायला गेल्यावर ‘आई दुसरीकडे आहे’, ‘आत्ताच फिरायला नेली’, ‘अनोळखी माणसांवर चिडते’ अशी उत्तरे मिळाली तर पिल्ले तिथे जन्मलेली नाहीत, किंवा आई दाखवण्यासारखी नाही, असा अर्थ निघतो. बाप तिथे नसणे मात्र संशयास्पद नाही. चांगला ब्रीडर आपल्या मादीला योग्य नर बाहेर शोधतो. अशा वेळी नराचे रिपोर्ट हाताशी असले म्हणजे झाले. बाळंतपणामुळे आईचे केस गळलेले, स्तन लोंबलेले दिसणे स्वाभाविक आहे. तिची नजर, तिचा स्वभाव आणि ती झोपते ती जागा बघावी. भेकड किंवा गुरगुरणाऱ्या आईची पिल्ले लॅब्राडोर आहेत म्हणून आपोआप प्रेमळ होत नाहीत.

आठ आठवडे कशासाठी?

‘लहान असतानाच नेले की लळा लागतो’ हे विक्रेत्याच्या सोयीचे वाक्य आहे. चौथ्या आठवड्यापासून पिल्लाला वरचे अन्न लागते, खर्च वाढतो, घाण वाढते. तेव्हाच ते गेलेले बरे. पण याच दिवसांत ते आई-भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा हे शिकते. दोन आठवड्यांपासून जंताचे औषध, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, पुढे साधारण १६ आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने बूस्टर आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची, असा सर्वसाधारण क्रम असतो. पस्तीस दिवसांचे, लस न झालेले पिल्लू प्रवासाच्या ताणासह नव्या घरी गेले आणि चौथ्या दिवशी पार्व्होने रक्ताची हगवण सुरू झाली, तर दोष कोणाचा यावर वाद होतो; पिल्लू वाचेलच असे नाही.

सगळे टाळता येत नाही

मुंबईच्या बॉम्बशोधक पथकातला ‘झंजीर’ हा महाराष्ट्रातला सर्वांत नावाजलेला लॅब्राडोर. पुण्यात शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेल्या या कुत्र्याने १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिले. नोव्हेंबर २००० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तो हाडांच्या कर्करोगाने गेला. जोडी लावण्याआधी हा आजार ओळखणारी लॅब्राडोरसाठीची चाचणी आजही नाही. अशा आजारांसाठी ब्रीडरकडे एकच साधन असते: आपल्या कुत्र्यांचे आजे-पणजे किती वर्षे जगले आणि कशाने गेले याची वही. २०१७ च्या नियमांतही विकलेल्या पिल्लांची वर्षातून एकदा तरी विचारपूस करण्याची अपेक्षा आहे. ती औपचारिकता वाटते, पण पिल्लांचे पुढे काय झाले हे माहीत नसेल तर आईचे पुढचे वेत घ्यावे की नाही हे ठरवणार कशावर?

मग विचारायचे काय?

आईबापांच्या खुब्या-कोपरांचे श्रेणीसह रिपोर्ट, वर्षभरातली डोळ्यांची तपासणी, पीआरए आणि ईआयसीचे निकाल, मायक्रोचिप क्रमांक, ब्रीडरचा नोंदणी क्रमांक, आईचे वय आणि हे कितवे वेत. एवढे आधी फोनवर विचारता येते. ‘आमच्याकडे आजवर कोणाचीच तक्रार नाही’ हे यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. लेखी करारात, पुढे कुत्रा सांभाळणे न जमल्यास ब्रीडर तो परत घेईल असे कलम असावे. कोळवण-पौडच्या रस्त्यावर पट्टा गळ्यात असलेली, कोणीतरी सोडून दिलेली जातिवंत कुत्री दिसतात. त्यांच्या बाबतीत असे कलम कुठल्या कागदावर नव्हते, किंवा कागदच नव्हता.

ज्याला पिल्लूच हवे असे नाही, त्याने प्राणी संस्थांकडे दत्तकासाठी आलेले मोठे लॅब्राडोरही पाहावेत. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचे खुबे कसे आहेत हे अंदाजाने नव्हे, एक्स-रेने सांगता येते.

रिपोर्ट दाखवणारा ब्रीडर सापडला तरी त्याच्याकडे पिल्लू तयार असेलच असे नाही. वर्षाला एकाच वेताचा हिशेब धरला तर मादी माजावर येण्याची वाट, मग दोन महिने गाभणपण, मग आठ आठवडे. नोंदवून सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते, आणि त्या काळात ब्रीडरही प्रश्न विचारतो: आठवड्याचे पाच दिवस तुम्ही पुण्यात असता, तेव्हा फार्महाऊसवर कुत्र्याजवळ कोण असते?